बेअरिंग नुसते कडक असून भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शर्यतीच्या इंजिनांवर आलेला लेख आवडीने वाचला. पिस्टन, कॅमशाफ्ट, टर्बो आणि इंधन यांवर त्यात भरभरून लिहिले आहे. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा; त्याला आधार देणाऱ्या बेअरिंग्जच्या वाट्याला मात्र तीनच वाक्ये आली आहेत आणि तिन्ही वाचकाला आडवाटेला नेणारी आहेत. शर्यतीसाठी बाजारात मिळेल ते सर्वांत कडक बेअरिंग घ्यावे, हे पहिले. ऑइल प्रेशर जितके जास्त तितके इंजिन सुरक्षित, हे दुसरे. तिसरे चौकटीत आहे: बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग यांमधली फट, ०.५ मिलिमीटर ठेवावा. शर्यतीची इंजिने उघडण्या-बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही वाक्ये तशीच सोडून देववेना, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

तिसऱ्या वाक्यात दशांशचिन्हापुढचे एक शून्य गळाले असणार, हे उघड आहे. सुमारे ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलसाठी, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागासाठी, ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर हा सुरुवातीचा आकडा म्हणून रास्त आहे. पण मुद्रणदोष म्हणून सोडून द्यावा असा हा प्रकार नाही, कारण क्लिअरन्सच्या बाबतीत दहापट चूक ही दहापटच राहत नाही. बेअरिंगच्या कडांमधून बाहेर पडणारे तेल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढते. क्लिअरन्स दुप्पट केला तर तेल आठपट गळते. दहापट केला तर हिशेबाने हजारपट. कोणताही ऑइल पंप ही तूट भरून काढू शकत नाही. चौकटीवर विश्वास ठेवून कोणी इंजिन बांधलेच, तर ते सुरू होताच कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, वाजायला लागेल आणि प्रेशरचा काटा वर चढणारच नाही. तेव्हा एवढी दुरुस्ती आपण पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

ऑइल प्रेशरविषयीचा गैरसमज जुना आहे आणि तो एकट्या लेखकाचा नाही. गेजवर दिसणारे चार-पाच बारचे प्रेशरच क्रँकशाफ्टला अधांतरी उचलून धरते, असे चांगले हात असलेले मेकॅनिकही मानतात. बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने १८८३च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर केलेले प्रयोग त्यांनी जरूर समजून घ्यावेत. टॉवरच्या यंत्रात आस खालून तेलात बुडालेला होता आणि वरून अर्धे बेअरिंग त्यावर टेकलेले होते. पंप नव्हताच. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तर आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल उलट वर येऊ लागले. छिद्रात बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. शेवटी तिथे प्रेशर गेज बसवला, तेव्हा त्याचा काटा २०० पीएसआयच्या (चौरस इंचाला २०० पौंडांच्या) पलीकडे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर प्रत्येक चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास होता. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि भार पेलणारे प्रेशर तिथेच तयार होते, ही गोष्ट ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने मांडली. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून वेगात जाणारे चाक जमीन सोडते, तसाच हा प्रकार. आजही इंजिनातले प्रत्येक साधे बेअरिंग, म्हणजे रोलर किंवा गोळ्या नसलेले, याच तत्त्वावर चालते.

आकड्यांत पाहू. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो वजन धरा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास, ८० मिलिमीटर आणि रॉडची लांबी १४० मिलिमीटर. ९,००० आरपीएमला (मिनिटाला ९,००० फेऱ्यांना) पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याला अडवून परत खाली खेचायला सुमारे २२,८०० न्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडा जास्त जोर लागतो. हा सगळा जोर रॉडच्या बिग एंडमधल्या, म्हणजे क्रँकशाफ्टकडच्या मोठ्या टोकातल्या, बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग ४८ मिलिमीटर व्यासाचे आणि २० मिलिमीटर रुंदीचे असेल, तर त्याच्या व्यास गुणिले रुंदी एवढ्या क्षेत्रफळावर सरासरी २३५ बारहून अधिक दाब झाला. थराच्या मध्यावरचा दाब याच्या कितीतरी वर असतो. पंपाचे पाच बार या हिशेबात कुठे बसतात? पंपाचे काम तेल वेळेवर, पुरेसे आणि हवेचे बुडबुडे न मिसळता पोहोचवणे एवढेच आहे. दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हा इंजिन बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा बहुतेक वेळा पुरतो. त्याहून जास्त प्रेशर ठेवले तर पंप फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्ची पडते आणि तेल विनाकारण तापते.

वरच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हेच इंजिन ६,००० आरपीएमला फिरवले तर तो जोर जेमतेम एक टन भरतो. फेऱ्या दीडपट झाल्या, भार सव्वादोनपट झाला. रस्त्यावरच्या गाडीचे बेअरिंग शर्यतीत का टिकत नाही, याचे निम्मे उत्तर भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो यात आहे.

आता कडकपणाकडे येतो, कारण लेखातले पहिले वाक्यच सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे. इंजिन वेगात आणि व्यवस्थित चालू असताना जर्नल आणि बेअरिंग एकमेकांना शिवतच नाहीत. मध्ये तेलाचा थर असतो. शर्यतीच्या इंजिनात हा थर सर्वांत पातळ जागी एखाद्या मायक्रॉनवर येतो, आणि माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. मग बेअरिंगच्या धातूकडून नेमके काय हवे? दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. तेलाच्या थरातून येणारा दाब सेकंदाला दीडशे वेळा चढतो-उतरतो, त्या माऱ्याखाली धातू थकून तडकू नये, यासाठी तो मजबूत हवा. पण थंड इंजिन सुरू करताना, गिअर चुकल्यावर, वळणावर तेल एका बाजूला गेल्यावर थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. त्या क्षणी बेअरिंगने जर्नलला न चिकटता, स्वतः थोडे झिजून, जर्नल वाचवायला हवे. यासाठी ते मऊ हवे. फिल्टरमधून सुटलेले १०-१५ मायक्रॉनचे कणही तेलाच्या थरापेक्षा मोठेच असतात. मऊ धातू असा कण पोटात घेतो. कडक धातूवर तो कण वर राहतो आणि जर्नलवर रेघ ओढत बसतो. जर्नल वाकडे फिरत असेल तर मऊ धातू त्याच्या आकाराला जुळवून घेतो. कडक धातू घेत नाही.

या ओढाताणीतून बेअरिंगची दोन घराणी तयार झाली. मूळ पुरुष आयझॅक बॅबिट. त्यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या कथील, अँटिमनी आणि तांब्याच्या मिश्रधातूला आजही त्यांचेच नाव आहे. इतका समजूतदार धातू दुसरा नाही, पण जाड थरात तो शर्यतीचा मार सोसत नाही. म्हणून त्रिधातू बेअरिंगमध्ये पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर, त्यावर मायक्रॉनभर निकेलचा अडसर आणि सर्वांत वर शिसे, कथील व तांब्याचा जेमतेम १३ ते २५ मायक्रॉनचा मऊ मुलामा देतात. गंमत अशी की तोच मऊ धातू जितका पातळ तितका टिकाऊ, कारण खालच्या कडक थराचा आधार त्याला लागलीच मिळतो. शर्यतीसाठीचे मुलामे म्हणूनच १३ मायक्रॉनच्या आसपास ठेवतात. पण पातळ मुलाम्यात कचरा सामावायला जागा राहत नाही; तेल स्वच्छ ठेवायची जबाबदारी मग बांधणाऱ्यावर येते. दुसरे घराणे द्विधातूचे. पोलादी पाठीवर ॲल्युमिनियम आणि कथील, त्यात बऱ्याचदा सिलिकॉनचे बारीक कण. हे कण ओतीव लोखंडी क्रँकशाफ्टवरचे सूक्ष्म काटे घासून साफ करतात, त्यामुळे तसल्या शाफ्टवर हे बेअरिंग उत्तम चालते. मात्र मऊ मुलामा नसल्याने वाकणारा शाफ्ट किंवा तुटलेला तेलाचा थर त्याला फारसा सोसत नाही. रोजच्या गाडीत त्रिधातूपेक्षा ते दीर्घायुषी ठरते, आणि त्यामुळेच ते शर्यतीतही चांगले असणार, असे लोक धरून चालतात.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, कडक कशासाठी आणि किती वेळ? ड्रॅग रेसिंगमधल्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींतल्या, टॉप फ्युएल गाडीची धाव २००८ पासून १,००० फुटांची आहे आणि ती चार सेकंदांच्या आत संपते. प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडतात आणि बेअरिंग्ज तपासतात. तिथे मुलामा महिनाभर टिकण्याचे काही महत्त्व नाही. सिलिंडरमधल्या राक्षसी दाबाने रॉड वाकत असताना बेअरिंगने न चिकटता तेवढी धाव पुरी करणे महत्त्वाचे. म्हणून तिथे मऊ मुलामा, ऐसपैस क्लिअरन्स आणि ७० ग्रेडचे दाट तेल असते. याच्या उलट, फॉर्म्युला वनमध्ये २००४ साली एका इंजिनाने पूर्ण शर्यत-सप्ताहअखेर काढावी असा नियम आला आणि २००५ मध्ये दोन सप्ताहअखेरी. वेग तोच, आयुष्य कितीतरी पट. तिथे मुलाम्याचा थकवा हाच पहिला शत्रू ठरतो. दोघांनाही 'रेसिंग बेअरिंग' म्हणायचे आणि दोघांना एकच सल्ला द्यायचा, हे बरोबर नाही.

टर्बो लावलेले इंजिन आणि बिनटर्बोचे उंच आरपीएमचे इंजिन यांतही असाच फरक आहे. टर्बोच्या इंजिनात स्फोटाचा दाब पिस्टनला खाली रेटतो, तो रॉडच्या वरच्या शेलवर येतो (बेअरिंगच्या दोन अर्धगोल तुकड्यांना शेल म्हणतात). नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अनियंत्रित स्फोट, होत असेल तर वरचा शेल अक्षरशः ठोकून काढल्यासारखा दिसतो. उंच आरपीएमच्या इंजिनात मघाच्या हिशेबातला सव्वादोन टनांचा ओढा कॅपकडच्या, म्हणजे खालच्या शेलवर येतो (कॅप म्हणजे बोल्टने आवळलेला बिग एंडचा खालचा अर्धा भाग). क्रँकशाफ्टला इंजिनाच्या सांगाड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, धरणाऱ्या मेन बेअरिंगमध्ये स्फोटाचा भार खालच्या शेलवर पडतो. म्हणूनच तेलाची खाच वरच्या शेलमध्ये असते आणि खालचा सपाट ठेवतात. पूर्वी काही जण रॉडना जास्त तेल मिळावे म्हणून खालच्या शेललाही खाच असलेली, पूर्ण गोल खाचेची मेन बेअरिंग्ज पसंत करत. तेल मिळत असे, हे खरे. पण पूर्ण खाच म्हणजे एका रुंद बेअरिंगची दोन अरुंद बेअरिंग्ज करणे, आणि अरुंद बेअरिंगच्या कडांतून तेल लवकर निसटत असल्याने भार पेलण्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते. सुमारे पाऊण वर्तुळापर्यंत नेलेली, टोकांना निमुळती होत जाणारी खाच हा त्यावरचा शहाणपणाचा तोडगा आहे.

क्लिअरन्सचा ठोकताळा असा: जर्नलच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि शर्यतीसाठी वर अर्धा थाऊ. मिलिमीटरमध्ये ४८ च्या जर्नलला हे ०.०६ च्या आसपास येते. इथून पुढचा निर्णय तेलावर अवलंबून असतो. पातळ तेल वापरून घर्षण कमी करायचे असेल तर क्लिअरन्स आवळावा लागतो आणि त्यासाठी जर्नल, बोअर (शेल ज्यात बसतो ते भोक) आणि शाफ्टचा सरळपणा तितकाच काटेकोर हवा. शाफ्ट वाकतो आहे, ब्लॉक जुना आहे, इंधन रिंगांमधून उतरून तेलात मिसळते आहे, अशा ठिकाणी क्लिअरन्स मोकळा आणि तेल दाट ठेवणे बरे. दुसऱ्याच्या इंजिनातला क्लिअरन्स उचलायचा आणि तेल मात्र आपल्या मनाचे भरायचे, या सवयीने जितकी इंजिने गेली तितकी वाईट बेअरिंगने गेली नसतील.

शिवाय हे माप थंड इंजिनाचे असते आणि शर्यत गरम इंजिनाने होते. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. ६० मिलिमीटरचा मेन बोअर निखळ ॲल्युमिनियमचा असेल, तर ८० अंश सेल्सिअस तापमानवाढीत पोलादी जर्नलच्या तुलनेत तो ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जास्त उघडतो, म्हणजे क्लिअरन्स जवळपास दुप्पट. पोलादी किंवा लोखंडी कॅप लावून यातला काही भाग आवरता येतो, तरी ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये थंड क्लिअरन्स आवळूनच ठेवावा लागतो. फॉर्म्युला वनची इंजिने सुरू करण्यापूर्वी गरम पाणी आणि तेल फिरवून तापवून घेतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. टायटॅनियमच्या रॉडची तऱ्हा उलटी. तो पोलादापेक्षा कमी प्रसरण पावतो, त्यामुळे गरम झाल्यावर पोलादी जर्नलवर क्लिअरन्स घटतो. आणि त्याचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या जवळपास असल्याने भाराखाली बिग एंड जास्त ताणतो. ॲल्युमिनियमच्या रॉडमध्ये बोअर इतका उघडतो की शेल जागेवर धरून ठेवायला कॅपमध्ये पिन ठोकतात.

बिग एंडचा ताण ही बाब थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही. पिस्टन वरच्या टोकाला रॉडला ओढतो तेव्हा गोल बोअर उभा लांबतो आणि बाजूंनी, म्हणजे कॅप आणि रॉडच्या सांध्यापाशी, आत दबतो. शेल सगळीकडे सारखा जाड असता तर नेमका त्या जागी जर्नलला घासला असता. म्हणून चांगल्या शेलची जाडी सांध्याकडे हळूहळू कमी होत जाते. फरक एखाद-दोन शतांश मिलिमीटरचा असतो. आरपीएम जितका उंच तितका हा फरक जास्त लागतो. दोन बेअरिंग्ज एकाच धातूची आणि एकाच मापाची असूनही एक शर्यतीला चालते आणि दुसरे चालत नाही, त्याचे कारण पुष्कळदा इथे सापडते. दुसरी न दिसणारी बाब म्हणजे शेलचा दाब. प्रत्येक अर्धा शेल अर्ध्या वर्तुळापेक्षा किंचित लांब असतो, म्हणून कॅप आवळली की तो बोअरला घट्ट चिकटतो. शेलला जागेवर धरतो तो हा दाब. टोकाशी असलेला छोटा कान फक्त बसवताना जागा दाखवतो. दाब कमी पडला तर शेल सूक्ष्मपणे हलतो, पाठीवर काळपट डाग पडतात आणि उष्णता बाहेर जात नाही. दाब जास्त झाला तर शेल सांध्यापाशी आत फुगतो. म्हणजेच बोअरचे माप चुकले, तर जगातले सर्वोत्तम बेअरिंगही वाया जाते.

म्हणून बेअरिंग निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, मोजण्याच्या टेबलावर होते. आधी शेल न बसवता कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, आणि शर्यतीच्या रॉडला टॉर्कपेक्षा बोल्ट किती ताणला हे मोजणे अधिक भरवशाचे. मग बोअर गोल आहे का ते पाहायचे. नंतर शेल बसवून, कॅप पुन्हा तशीच आवळून, डायल बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजणारे साधन) थेट जर्नलच्या मापाला लावलेल्या मायक्रोमीटरवर शून्य करायचा. असे केले की दोन वेगवेगळ्या मापांची वजाबाकी करावी लागत नाही. गेज जो आकडा दाखवतो तोच क्लिअरन्स. गेज बोअरमध्ये हलकेच मागेपुढे डोलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो तो सर्वांत लहान आकडा घ्यायचा. माप सांध्याच्या काटकोनात, उभे घ्यायचे. सांध्यापाशी घेतले तर शेलच्या पातळ कडांमुळे क्लिअरन्स उगाच जास्त भासतो. शाफ्ट, ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवलेले असावेत, कारण इथे हाताची ऊबसुद्धा मोजली जाते. फटीत दाबून किती चपटी झाली ते पाहायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने घेतलेले माप खातरजमेला ठीक आहे. त्यावर शर्यतीचे इंजिन बांधू नये.

मोजल्यावर क्लिअरन्स थोडा कमी भरला तर शाफ्ट घासण्याची घाई करू नये. एक थाऊ जास्त मोकळीक देणारे शेल मिळतात. जोडीतला एक शेल त्यातला आणि एक नेहमीचा घेतला, तर अर्धा थाऊ मिळतो. मात्र सगळ्या रॉडना तो एकाच बाजूला बसवायचा आणि दोन्ही एकाच घडणीचे हवेत. मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइटयुक्त कोटिंगचे शेल असतील तर कोटिंगचे साधारण ८ मायक्रॉन प्रत्येक बाजूने क्लिअरन्समधून जातात, तेव्हा कोटिंगसकट मोजावे. असे कोटिंग कोरड्या सुरुवातीला जर्नल वाचवते, हा त्याचा खरा उपयोग. चुकलेल्या क्लिअरन्सवर ते औषध नाही.

शर्यतीच्या क्रँकशाफ्टमध्ये जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारी शाफ्टची आडवी भुजा) यांच्यामधला कोपरा मुद्दाम मोठ्या गोलाईचा ठेवतात, कारण शाफ्ट तडकतो तो तिथून. रस्त्यावरच्या गाडीचे पूर्ण रुंदीचे शेल त्या गोलाईवर चढतात आणि कडेने घासतात. माझ्याकडे आलेल्या एका शाफ्टबरोबर विक्रेत्याने नेहमीच्याच रुंदीचे शेल पाठवले होते. जर्नलला निळी शाई लावून दोन फेऱ्या दिल्यावर एका कडेला शाईची बारीक निळी रेघ उठली. शर्यतीसाठी अरुंद आणि कड उतरवलेले शेल याच कारणासाठी बनवतात. शाफ्टमधले तेलाचे मार्ग पाहणेही तितकेच आवश्यक आहे. मेन जर्नलच्या आरपार पाडलेल्या छिद्रातून रॉडकडे तेल न्यायचे तर ते आधी फिरत्या शाफ्टच्या केंद्राकडे, म्हणजे केंद्रापसारी जोराविरुद्ध ढकलावे लागते. उंच आरपीएमला तिथे तेल अडते. पंपाच्या प्रेशरला खरे काम पडते ते इथे, भार पेलण्यात नव्हे.

बेअरिंगचा आकार लहान करण्याकडे शर्यतीच्या इंजिनांचा कल का असतो, हेही लेखात यायला हवे होते. तेलाचे थर एकमेकांवर घसरण्यात वाया जाणारी शक्ती, रुंदी आणि क्लिअरन्स तेच ठेवले तर, व्यासाच्या घनाच्या आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेत नासकार या मोटारशर्यतींसाठी इंजिने बांधणाऱ्यांनी शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनातले २.१ इंचाचे रॉड जर्नल घासून होंडाच्या मापाला, म्हणजे १.८८९ इंचाला आणले. व्यास दहा टक्के घटला आणि त्या बेअरिंगमधले घर्षण हिशेबाने पाव भागाहून जास्त उतरले. अर्थात जर्नल बारीक केले की शाफ्ट कमी ताठ होतो आणि तोच भार लहान क्षेत्रावर येतो. लहान जर्नल परवडते ते धातू, तेल आणि शाफ्ट तिन्ही त्या तोडीचे असतील तेव्हाच.

रोलर बेअरिंगचा उल्लेख लेखात कौतुकाने आला आहे, त्याविषयी थोडक्यात. १९५४-५५ सालच्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचे आणि पोर्शेच्या ५४७ या इंजिनाचे क्रँकशाफ्ट रोलरवर फिरत. त्या काळच्या तेलाच्या आणि बेअरिंगच्या धातूच्या मानाने ते शहाणपणाचे होते. पण रोलर बसवायला तुकड्यांचा शाफ्ट किंवा दुभंगलेली बेअरिंग्ज लागतात, आणि बिग एंडमध्ये प्रत्येक फेरीत वेग कमी-जास्त होत असताना रोलर घसरू लागतात. साध्या बेअरिंगचे धातू सुधारले तसे रोलर मागे पडले. १९६७ मध्ये पदार्पणातच नेदरलँड्समधल्या झांडव्हूर्टची शर्यत जिंकणारे कॉसवर्थ डीएफव्ही हे फॉर्म्युला वनचे इंजिन साध्या बेअरिंग्जवर ९,००० आरपीएम गाठत होते. टू-स्ट्रोक इंजिनात दाबाने तेल पोहोचवायची सोयच नसल्याने तिथे रोलर अजून टिकून आहेत आणि तिथे ते योग्यच आहेत.

शेवटी, ज्यांना खरोखर इंजिन बांधायचे आहे त्यांनी जुने शेल फेकून देऊ नयेत. पुढच्या निवडीचा इतका चांगला सल्लागार दुसरा मिळत नाही. मध्यावर मंद राखाडी आणि कडांना मूळ रंग असेल तर सर्व ठीक. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चकाकी दिसली तर बोअर ताणून आत दबतो आहे; बोल्ट किंवा शेलची घडण बदलावी लागेल. मुलाम्यावर भेगांची जाळी पडून तुकडे निघाले असतील तर धातू थकला आहे, आणि तिथे मात्र लेखकाने म्हटल्याप्रमाणे जास्त मजबूत बेअरिंग घ्यावे. ठिपके आणि गोलाकार रेघा असतील तर कचरा आहे. कडक बेअरिंग घेतले तर त्या रेघा पुढच्या वेळी शाफ्टवर उठतील. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची समोरची कड झिजली असेल तर रॉड वाकला आहे. दोन्ही शेलची एकाच बाजूची कड झिजली असेल तर जर्नल निमुळते घासले गेले आहे. हे कळायला दोन्ही शेल हाताशी लागतात, म्हणून काढतानाच प्रत्येकाच्या पाठीवर सिलिंडरचा क्रमांक आणि वरचा की खालचा हे लिहून ठेवावे.

आपला विश्वासू,
इंजिन बांधणारा एक वाचक